कुत्रं सांगू शकत नाही, म्हणून साइटने सांगायचं: कारागिरांसाठी पहिली वेबसाइट कशी बनवायची

भुऱ्या घरी आला तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता, आणि पहिल्याच आठवड्यात माझं असं झालं की काम करता करता मधेच उठायचं, तो झोपलाय का, पोटावर झोपलाय की पाठीवर, हे बघून यायचं आणि मग परत कामाला बसायचं. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. दार उघडायच्या आधीच आतून जमिनीवर शेपूट आपटल्याचा आवाज येतो ना, त्या आवाजासाठी मी कितीही दमलेली असले तरी जिना भराभरा चढते. २०१५ साली जपानमधल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं होतं की कुत्रं आणि त्याचं माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, आई आणि बाळाच्या नात्यात असतं तेच. मी ते वाचलं आणि ‘दोघांच्याही’ या एका शब्दावरच अडकले. म्हणजे त्यालाही तसंच वाटत असणार की!

वेबसाइटचं काम याच प्रेमातून सुरू झालं. भुऱ्याला आणलेल्या तयार नायलॉनच्या पट्ट्याने त्याच्या मानेवरचे केस गेले, खालची कातडी लाल झाली, आणि मला ते बरेच दिवस कळलंच नाही कारण तो कुरकुरलाच नाही. मग चामड्याचं काम करणाऱ्या एका काकांकडे त्याला घेऊन गेले. काकांनी आधी पट्ट्याला हातच लावला नाही. खाली जमिनीवर बसले, हात तसाच ठेवला, याला वास घेऊ दिला, आणि हा स्वतः जवळ येऊन टेकल्यावर एक दोरा त्याच्या मानेभोवती फिरवला, त्यात आपली दोन बोटं सरकवली आणि दोऱ्याला गाठ मारली. झालं माप. तो पट्टा भुऱ्या गेली चार वर्षं घालतोय.

या काकांची ओळख फक्त त्यांच्या दारावरून जाणाऱ्यांना होती. तशाच हातमागावर जाड चटया विणणाऱ्या एक ताई, जेवणाच्या भांड्यांसाठी लाकडी स्टँड करणारे एक सुतार, आणि जड बुडाचे वाडगे करणारे एक कुंभार. या चौघांसाठी मी पहिली साइट बनवली, आणि त्यात जे चुकलं, जे जमलं, ते नवीन माणसासाठी इथे पायरीपायरीने लिहितेय. कोडिंग यायची गरज नाही. कुत्र्यांविषयी जीव असला तर मात्र खूप फायदा होतो, कारण गिऱ्हाईक काय विचारणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. एक गोष्ट सुरुवातीपासून लक्षात ठेवा: कारागिराचं कळणं हातात असतं, कुत्र्याचं अंगात, आणि ऑर्डरच्या वेळी साइटवर हे दोघंही नसतात. ती जागा भरून काढायची म्हणजे आपलं काम.

पायरी १: कॉम्प्युटर बंद ठेवा, आधी कारागिराजवळ जाऊन बसा

निदान दोन-तीन वेळा तरी जा, आणि पहिल्यांदा नुसतं बघा. मग विचारा: एक नग करायला किती वेळ जातो, महिन्याला आरामात किती होतात, काय करायला तुम्ही नाही म्हणता, परत दुरुस्तीला काय येतं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण त्याच्या उत्तरातून कळतं की वस्तू कुठे झिजते आणि माणूस स्वतःच्या कामाबद्दल किती प्रामाणिक आहे. विचारून घेऊन फोनवर आवाज रेकॉर्ड करा, कारण साइटवरचा मजकूर त्यांच्याच शब्दांत हवा. मी पहिल्यांदा ‘उत्कृष्ट दर्जाची हस्तनिर्मित उत्पादने’ असलं काहीतरी लिहून नेलं होतं, काकांनी ऐकलं आणि म्हणाले, हे मी कधी म्हणालो? ते सगळं काढलं. त्यांचं स्वतःचं वाक्य होतं की ‘टाका तुटला तरी पट्टा सुटत नाही’, आणि साइटवर आजही तेच आहे.

याच वेळी ठरवायचं की साइटवर थेट खरेदी ठेवायची की फक्त काम दाखवून चौकशी घ्यायची. माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी कार्ट वगैरे काही नको. वस्तू मापाने बनणार असेल तर तसंही आधी बोलावंच लागतं, आणि महिन्याला पंधरा पट्टे करणाऱ्या माणसाला एका रात्रीत चाळीस ऑर्डरी आल्या तर तो आनंद नसतो, ओझं असतं. एक फोन बटण, एक व्हॉट्सअ‍ॅप बटण, एक छोटा फॉर्म, बस.

पायरी २: डोमेन कारागिराच्या नावावर

डोमेन म्हणजे साइटचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते ती जागा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच कंपनीकडून घेतल्या तरी वेगळ्याच. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, ते वर्षावर्षाने आपल्या नावावर नोंदवायचं असतं, डॉट कॉमसारखं नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतं आणि मुदत संपायच्या आत रिन्यू केलं नाही तर काही दिवसांनी ते दुसरा कोणीही घेऊ शकतो.

विणकाम करणाऱ्या ताईंची आधी एक साइट होती, कोणीतरी मदत म्हणून बनवून दिलेली, सगळं त्या माणसाच्या ईमेलवर, मग तो दुसऱ्या कामात गेला, रिन्यू करायचं राहिलं आणि नाव गेलं. जुन्या गिऱ्हाइकांनी जपून ठेवलेला पत्ता एके दिवशी कुठल्यातरी भलत्याच जाहिरातीवर उघडायला लागला. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता, पण नुकसान ताईंचं झालं. म्हणून नोंदणी कारागिराच्या नावावर, त्यांच्या ईमेलवर, पासवर्ड त्यांच्या घरी वहीत लिहिलेला, ऑटो-रिन्यू चालू, आणि तारखेची आठवण तुमच्या आणि त्यांच्या घरातल्या एखाद्या तरुण माणसाच्या, अशा दोन्ही फोनवर. बऱ्याच जणांची मिळून एक साइट असेल तर पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा की नाव कोणाच्या खात्यावर आहे, आणि उद्या कोणी वेगळं झालं तर त्याचे फोटो आणि मजकूर त्याच्यासोबत जातील.

साइट कशावर बनवायची? वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, फुकट आहे, सगळं आपल्या हातात राहतं, पण अपडेट करत राहणं आपल्यावर असतं आणि न केलेली अपडेट हेच हॅक व्हायचं नेहमीचं कारण. तयार वेबसाइट बिल्डरमध्ये (तयार साच्यांतून साइट जुळवून देणारी सेवा) ती काळजी ते घेतात, बदल्यात दर महिन्याला पैसे आणि थोडी बांधिलकी. महिन्यातून एकदा तरी मी लॉगिन करीनच असं छातीठोक सांगता येत नसेल तर बिल्डर घ्या. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असायलाच हवं, म्हणजे साइट आणि गिऱ्हाइकाच्या मधली माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते आणि बरीच होस्टिंग ते आपोआप बसवतात, त्यामुळे कोणी यासाठी वेगळे पैसे मागत असेल तर का म्हणून विचारा.

पायरी ३: मापाचं पान (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

आमच्या पहिल्या साइटवर मी साइझ लिहिले होते स्मॉल, मीडियम, लार्ज. पहिल्या दहातले चार पट्टे परत आले. लोकांची काय चूक, प्रत्येकाला आपलं कुत्रं मीडियमच वाटतं! तेव्हा काकांचा तो दोरा आठवला आणि मी ते अख्खं पान नव्याने लिहिलं. पट्टा सैल असेल तर कुत्रं मान मागे खेचून रस्त्यावर निसटतं, घट्ट असेल तर भुऱ्याचं झालं तसं होतं, आणि दोन्ही वेळा ते आपल्याला सांगायला येत नाही. ते सांगणारं पान हेच.

मान: शिंप्याचा मऊ टेप घ्या, नसेल तर दोरा घेऊन पट्टीवर मोजा. पट्टा जिथे बसतो तिथेच माप, केसांच्या वरून नाही तर केसांत हलकेच दाबून, आणि टेप आणि मानेच्या मधे दोन बोटं सपाट जायला हवीत. अगदी छोट्या कुत्र्याला एक बोट पुरे. सध्या वापरात असलेला आणि नीट बसणारा पट्टा असेल तर बकलच्या दांडीपासून वापरातल्या भोकापर्यंतचं अंतर मोजून पाठवलं तरी चालतं, आणि खरं तर ते जास्त बिनचूक येतं.

छाती: पुढच्या पायांच्या लगेच मागे, सगळ्यात रुंद जागी, पूर्ण गोल. हार्नेससाठी (मानेऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) हेच माप मुख्य. कुत्रं उभं असताना घ्या, बसलं की आकडा बदलतो.

पाठ: मान जिथे खांद्यांना मिळते तिथपासून शेपटीच्या मुळापर्यंत, शेपूट सोडून. अंगावरच्या कोटासाठी आणि झुलीसाठी.

चटई किंवा गादी: कुत्रं पाय ताणून आडवं झोपलेलं असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि वर २० ते ३० सेंटीमीटर वाढवा. गुंडाळून झोपलेल्याचं माप घेऊ नका, ते रात्री कधीतरी ताणून देणारच. (भुऱ्या तर गादीवर फक्त डोकं ठेवतो आणि बाकी सगळा जमिनीवर, पण तो वेगळा विषय.)

प्रत्येक मापाशेजारी एक फोटो, खऱ्या कुत्र्याचा, टेप लावलेला. शिवाय फॉर्ममध्ये वय आणि जात विचारा. लहान चणीची पिल्लं ९ ते १२ महिन्यांत पूर्ण वाढतात, मोठ्या जातींना दीड ते दोन वर्षं लागतात, तेव्हा पाच महिन्यांच्या लॅब्रॅडॉरला महागडा चामड्याचा पट्टा घेऊ नका असं साइटवर सरळ लिहा, विक्री एक कमी होईल पण तो माणूस वर्षाने परत येईल. ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांची मान डोक्याएवढीच रुंद असते, साधा पट्टा डोक्यावरून निघून येतो, त्यांना मार्टिंगेल प्रकारचा लागतो, म्हणजे ओढलं की थोडाच आवळणारा. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना आधीच श्वासाचा त्रास असतो, त्यांना फिरायला नेताना मानेऐवजी हार्नेस. एवढी चार वाक्यं लिहिली तरी अर्धे फोन वाचतात.

पायरी ४: फोटो

फोन पुरेसा आहे. वस्तूचे फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, मागे साधा कापडाचा पडदा. एकेका वस्तूचे चार हवेत: पूर्ण वस्तू, शिलाई किंवा वीण अगदी जवळून, हातात धरलेली म्हणजे आकार कळतो, आणि कुत्र्याच्या अंगावर. पाचवा जमला तर कारागिराच्या हातांचा, काम चालू असताना. मला स्वतःला हाच सगळ्यात आवडतो.

कुत्र्याचा फोटो काढताना गुडघ्यावर या, नाहीतर पोटावर झोपा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. काळं कुत्रं असेल तर ऑटो मोडमध्ये कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, पांढरं असेल तर मळकट. सावलीत घ्या, चेहऱ्यावर टॅप करा आणि उजेडाचा स्लायडर काळ्यासाठी थोडा खाली, पांढऱ्यासाठी थोडा वर. कान टवकारलेले हवेत म्हणून विचित्र आवाज काढायचा तर एकदाच काढा, दुसऱ्यांदा त्याला ती गंमत कळलेली असते. आणि हे नक्की वाचा: कुत्रं सारखं जांभया देतंय, ओठ चाटतंय, तोंड फिरवतंय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तर ते अवघडलंय. थांबायचं, त्या दिवशी परत नाही काढायचे. घाबरलेल्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा कितीही सुंदर असला तरी कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्याला तो फोटो बघवत नाही.

आता टेक्निकल दोन गोष्टी. फोनमधला फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो, तसे वीस टाकले की पान उघडायलाच तयार नाही. लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास आणा, वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो फॉरमॅट) मध्ये सेव्ह करा, साधारण २०० केबीच्या आत बसवा. दुसरं म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये बरेचदा जागेचं लोकेशन लपलेलं असतं. कारागीर घरातूनच काम करत असेल तर त्याच्या घराचा पत्ता त्याला न विचारता जगभर जाऊ शकतो, म्हणून अपलोड करण्याआधी लोकेशन काढून टाका. प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ द्या, ‘पट्टा १’ असं नाही तर ‘तपकिरी चामड्याचा पट्टा, पितळी बकल, हाताची शिलाई’. डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसं स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं ॲप) हेच ऐकतात, आणि कुत्र्यावर जीव लावणाऱ्यांत तीही असतात.

पायरी ५: वस्तूबद्दल खरं लिहा

काकांच्या त्या वाक्याचं कारण मला नंतर समजलं. ते एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी शिवतात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात, मशीनच्या शिलाईत एक तुटला की पुढचे उसवत जाऊ शकतात. हे मी साइटवर फोटोसकट दिलं आणि किंमत जास्त का हा प्रश्न बराच कमी झाला.

तसंच वाईटही लिहायचं. चामडं भिजलं की गडद होतं, वाळताना कडक होतं, नवीन असताना पांढऱ्या केसांवर रंग उतरू शकतो, आणि काही कुत्र्यांना चामडं चावायला फार आवडतं, तर एकटं असताना पट्टा काढून ठेवा. कुंभाराच्या वाडग्यांबद्दल विचारा की आतल्या ग्लेजमध्ये (वरचा चकचकीत लेप) शिसं आहे का, आणि उत्तर खात्रीचं मिळेपर्यंत तो वाडगा खाण्याचा म्हणून साइटवर टाकू नका. लाकडी खेळण्यांवर रंग कुठला, बटणं, घुंगरं, चिकटवलेले डोळे आहेत का, आणि खेळणं कुत्र्याच्या पूर्ण तोंडात मावण्याइतकं लहान तर नाही ना. खेळण्याचा रंग निवडताना सांगा की कुत्र्यांना निळा आणि पिवळा चांगला दिसतो, लाल त्यांना मळकट तपकिरी वाटतो, हिरव्या गवतात लाल बॉल त्यांना डोळ्यांनी सापडत नाही, नाकाने शोधतात. आमच्या सुतारांनी हे ऐकल्यावर सगळी खेळणी निळी केली, एवढा आनंद झाला त्यांना!

आरोग्याचे दावे मात्र नकोत. भांड्याच्या उंच स्टँडखाली मी ‘पचनाला उत्तम’ लिहिलं होतं, सगळीकडे वाचलेलं म्हणून. नंतर कळलं की २००० साली छापलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात मोठ्या जातींमध्ये उंचावरच्या भांड्याचा संबंध पोट फुगून पीळ पडण्याच्या जास्त धोक्याशी दिसला होता, आणि तो आजार जीव घेतो. त्याच दिवशी ते वाक्य काढलं. आता तिथे उंची लिहिलेली आहे आणि ‘आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या’ एवढंच.

पायरी ६: पानं मांडा

पाच पानं पुरतात: पहिलं पान, कारागीर, वस्तू, मापं, संपर्क. आधी फोनवर बघा, मग मोठ्या स्क्रीनवर, कारण बहुतेक जण एका हातात लीश आणि दुसऱ्या हातात फोन धरूनच बघणार. अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको, राखाडीवर राखाडी नको, बटण अंगठ्याने दाबता येईल एवढं. प्रत्येक कारागिराचं नाव, काम आणि फोटो त्यांना विचारूनच, आणि फोन नंबर टाकायचा का हेही त्यांनीच ठरवायचं.

किंमत लपवू नका. किती दिवसांत बनेल तेही लिहा आणि त्यात आठवडाभर जास्तच धरा. मापाच्या वस्तू परत घेणं कारागिराला परवडत नाही, आमचा नियम असा की एकदा माप दुरुस्ती फुकट, पाठवायचा खर्च निम्मा निम्मा. तुमचा नियम वेगळा असेल, पण तो ऑर्डरच्या बटणाच्या वर दिसायला हवा, खाली कोपऱ्यात नको.

पायरी ७: लोकांना दाखवायच्या आधी

साइट माहीत नसलेल्या एखाद्या माणसाच्या हातात फोन द्या, सांगा की तुमच्या कुत्र्यासाठी पट्टा मागवा, आणि तोंड मिटून शेजारी बसा. मधे बोलायचं नाही. तो जिथे अडकेल तिथे साइट चुकलेली आहे, तो नाही. तीन माणसांवर हे केलं की मोठ्या चुका सगळ्या दिसतात. मग गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गुगलला कळवायची सोय) साइट नोंदवा, फुकट आहे, आणि पानांची नावं लोक शोधतात तशी द्या, ‘आमची उत्पादने’ नाही, ‘कुत्र्यासाठी मापाचा चामड्याचा पट्टा’. गुगलवर दिसायला काही आठवडे, कधी महिने लागतात, तोवर घाबरून जाहिरातींवर पैसे घालू नका. रोज फिरायला येणाऱ्या कुत्रेवाल्यांना लिंक पाठवा, ती मंडळी एकमेकांना सांगतातच, माणसांची नावं माहीत नसली तरी कुत्र्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात.

पायरी ८: नंतर

महिन्यातून एक दिवस ठरवून टाका. अपडेट, बॅकअप म्हणजे साइटच्या जपून ठेवलेल्या प्रती (एक होस्टिंगवर, एक तुमच्याकडे, एक कारागिराच्या घरी पेनड्राइव्हवर), फॉर्म स्वतः भरून तो पोचतोय का बघणं, संपलेल्या वस्तूंवर ‘सध्या नाही’ लिहिणं. आमचा फॉर्म एकदा तीन आठवडे बंद होता आणि आम्हाला वाटत होतं की सीझनच मंदा आहे.

गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या कुत्र्यांच्या फोटोंसाठी एक पान ठेवा, परवानगी घेऊन, खाली फक्त कुत्र्याचं नाव. कधी कधी निरोप येतो की आमचा आता नाही राहिला. अशा वेळी फोटो स्वतःहून काढू नका, विचारा. मला आजवर असे तीन निरोप आले आणि तिघांनीही राहू द्या म्हणून सांगितलं, एकीने तर जुना पट्टा काकांकडे पाठवला, त्यातलं बकल काढून नव्या पिल्लाच्या पट्ट्याला लावून द्या म्हणून.

आणि त्या पानावरचे फोटो दर महिन्याला प्रिंट काढून कारागिरांना नेऊन द्या, कारण ते साइट स्वतः उघडून बघतातच असं नाही. काकांनी त्यांच्या बसायच्या जागेसमोरची भिंत भरवलीय, भुऱ्या सगळ्यात वर आहे.